लाल दिव्याची गाडी

बॅटरीची काळी वायर सोडून
हुजैफा म्हणाला, "बाईजी, अब पंद्रह मिनट.
कुछ नी करने का."
म्हणून आम्ही काही केलं नाही.
सियागंजच्या त्या बोळात, हिंगाच्या आणि ग्रीसच्या वासात
मी स्टुलावर, तो बोनेटला टेकून,
आत कुठेतरी साठलेली वीज उतरायची वाट बघत.
"इसमें थोड़ी जान रहती है, बाद में भी."
मी मान हलवली. मला ते सांगायला नको.

मूळचं चाक बारीक होतं, छडीसारखं.
सकाळी सहाला माझी बोटं त्याच्याभोवती मिटत नसत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाड धरत जा सगळं.
मग झाऱ्याला, पेनाला, बादलीच्या कडीला
सायकलची ट्यूब गुंडाळून झाली.
उरलं होतं चाक.
नवं आणलं ते गुबगुबीत, कातडी, लाल टाक्यांचं.
भाचा म्हणाला, मावशी, हे रेसिंगचं आहे.
असू दे.
सुदामानगर ते शाळा साडेसहा किलोमीटर,
तिसऱ्याच्या वर मी गिअर टाकत नाही.

पंधरा मिनिटं झाली.
त्यानं मागून दोन स्क्रू काढले,
पिवळे प्लग सोडवले
तान्हीच्या कानातलं डूल काढावं तसे,
आणि मधली काळी उशी अंगापासून लांब धरत
पोत्यावर ठेवली. तोंड वर.
"उलटी नी रखने की. उलटी रखो तो खुद उड़ती है."
नऊ वर्षं ती माझ्या छातीसमोर बसून होती,
एकदाच, पापणी लवायच्या आत उघडण्यासाठी,
आणि मी तिच्यावर हॉर्न वाजवत राहिले.

दांड्यावर खूण करायला तो पेन्सिल शोधत होता.
पर्समधला खडू दिला.
खुणेला खूण लागली, नट आवळला,
हॉर्न वाजला, दुसऱ्या खेपेला.
किल्ली फिरवली
तर काचेमागे तो लाल माणूस,
पोटाशी चेंडू घेऊन बसलेला.
विझेना.

हुजैफानं खणातून काहीतरी काढलं,
जिऱ्याहून जरा मोठं, रंगीत पट्ट्यांचं.
"दो ओम का रेजिस्टर. ये लगा दूँ?
गाड़ी समझेगी तकिया अपनी जगह पे है.
बत्ती बंद. इसके पैसे भी नी लूँगा."

गाडी समजेल.
पुण्याच्या लेकीला रोज रात्री नऊला
मी फोनवर दुसरं काय लावते?
मस्त आहे गं मी. जेवलीस का?
दोन ओहमचं.
तिकडे दिवा विझतो.

"नको," म्हटलं. "जळू दे."
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
गणित चुकलेल्या पोराकडे मी पाहते तसं.

घरी हे म्हणाले, बाबांची इच्छा पुरी केलीस,
शेवटी आलीच दारात लाल दिव्याची गाडी.
शेजारच्या सीटची उशीही आता झोपलेली,
म्हणून यांना मागे बसवते.
मागून ते रस्ता सांगतात,
पुढून सांगायचे तितकाच चुकीचा.
परवा पलासियाच्या सिग्नलला
एक स्कूटरवाला काचेत वाकून म्हणाला,
"मैडम, आपकी बत्ती जल री है."
म्हटलं, पता है भिया.

नऊला फोन आला.
सकाळी बोटं मिटत नाहीत गं, मी म्हणाले.
तिकडून बराच वेळ काही नाही.
पंधरा मिनिटं नव्हती, पण तशीच.
मी काही केलं नाही. धरून बसले.

उशी लोखंडी कपाटावर आहे,
फडक्याखाली, तोंड वर.
झाडूवाल्या सुगनबाईला ताकीद आहे, हात लावायचा नाही.
ती विचारते, आत आहे काय एवढं?
हवा, मी सांगते. आणि चिमूटभर दारू.
ती यांच्या खुर्चीकडे बघते
आणि पदर तोंडाला लावून हसते.